लाँगबो, रिकर्व्ह आणि अंगठ्याचं धनुष्य: आलटून-पालटून मारताना नेम कसा टिकवायचा?

कमठा (धागाकर्ता)

धनुष्यं तीन, मारणारा एक, उजव्या हाताचा. ६८ इंची लाँगबो, ६२ इंची एकसंध रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेलं धनुष्य) आणि ५३ इंची तुर्की घाटाचं घोडेस्वारी धनुष्य, जे अंगठ्याच्या कडीनं ओढायचं. तिन्हींवर लिहिलंय ४० पाउंड @ २८ इंच, म्हणजे २८ इंच ओढल्यावर ४० पाउंड जोर (यालाच धनुष्याचं वजन म्हणतात). कुठलंही एक धरून बसलं की १८ मीटरवर सहा बाण वीतभर जागेत येतात. धनुष्य बदललं की पहिल्या दोन-तीन फेऱ्या वाया. रिकर्व्हचे बाण लाँगबोवर लावले की डावीकडे आणि खाली जातात, घोडेस्वारीवर तर कुठेही.

प्रश्न असे: बाण एकच चालतील का? अँकर (ओढणारा हात चेहऱ्याशी जिथं थांबतो ती जागा) तिन्हींना सारखा ठेवावा की वेगळा? आणि बदल केल्यावर हाताला आधीची सवय सोडायला लावायची कशी? ‘सराव वाढवा’ सोडून काहीही लिहा.

सुतारपक्षी

नेमाचं नंतर बघू, आधी काटा आणा. तिन्हींवर ४० लिहिलंय म्हणून तिन्ही ४० ची आहेत असं समजू नका.

२८ इंचाचं प्रमाण असं मोजतात: मुठीच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीतल्या नॉकपर्यंत (बाणाच्या शेपटीची दोरीत बसणारी खाच) सव्वा सव्वीस इंच, अधिक पावणेदोन इंच. तुमची ओढ त्या मापानं २७ भरत असेल तर लाँगबो तुमच्या हातात ३७-३८ चाच आहे. उलट अंगठ्यानं ओढताना हात जबड्याच्या मागे जातो, म्हणजे ३०-३१ इंच. अशा धनुष्यात शेवटच्या इंचांना दर इंची अडीच-तीन पाउंड चढतात. म्हणजे तेच ‘४०’ तुमच्या हातात ४७-४८ झालं. तीन वेगळ्या वजनांची धनुष्यं मारताय आणि हाताला तीच समजतंय, असा प्रकार आहे.

मोजायला सामान तोलायचा ५० किलोचा हुकवाला डिजिटल काटा पुरतो. एका जुन्या लांब बाणावर २५ इंचापासून ३२ पर्यंत दर अर्ध्या इंचाला शाईची खूण करा. धनुष्य ताणून कुठल्या खुणेवर थांबता ते दुसऱ्या माणसानं बाजूनं बघायचं, कारण स्वतः मान खाली घालून बघितलंत की ओढ तिथेच बदलते. दहा वेळा ताणा (बाण सोडायचा नाही, सावकाश परत आणायचा) आणि सगळ्यात जास्त वेळा आलेली खूण धरा. मग काट्यानं त्याच खुणेपर्यंत ओढून आकडा घ्या. ४० पाउंड म्हणजे १८.१ किलो.

आता ‘खाली’ जाण्याबद्दल. रिकर्व्हनं बाण सेकंदाला ५२ मीटर जातोय आणि लाँगबोनं ४६, असं धरा. हवेचा अडथळा सोडला तर १८ मीटरवर पहिला ५९ सेंटीमीटर पडतो, दुसरा ७५. फरक १६ सेंटीमीटर. ३० मीटरवर हाच फरक ४५ सेंटीमीटर होतो. यात हाताची चूक शून्य.

हा फरक पूर्ण जात नाही, पण कमी करता येतो. दागिने तोलायच्या छोट्या काट्यावर बाण तोला. वजनाच्या प्रत्येक पाउंडामागे १० ग्रेन हा सुखाचा आकडा. ४० पाउंडाला ४०० ग्रेन म्हणजे साधारण २६ ग्रॅम, ४८ पाउंडाला ३१ ग्रॅम. रिकर्व्हला मुद्दाम थोडा जड बाण दिला तर त्याचा वेग लाँगबोच्या जवळ येतो आणि डोळ्याला एकच उतार लक्षात ठेवावा लागतो.

तिरपा_बाण

वरचं सगळं बरोबर, पण ‘डावीकडे’चं उत्तर त्यात नाही. ते मुठीच्या रुंदीत आहे.

रिकर्व्हची खिडकी (मुठीच्या वर बाणासाठी कापलेली खाच) मध्यापर्यंत कापलेली असते. बाण जवळजवळ दोरीच्या रेषेतच बसतो. लाँगबोची खाच उथळ असते, काहींना नसतेच. मूठ २६ मिलिमीटर आणि बाण ८ मिलिमीटर जाड धरा. बाणाचा मध्य दोरीच्या रेषेपासून १७ मिलिमीटर बाहेर. पूर्ण ओढीवर (७१ सेंटीमीटर) हा तिरपेपणा जेमतेम दीड अंश असतो. पण दोरी पुढं येऊन ब्रेस हाइटला (न ओढलेल्या दोरीचं मुठीपासूनचं अंतर, साडेसहा इंच) पोचते तेव्हा तोच कोन सहा अंशांपर्यंत गेलेला असतो. म्हणजे सुटतानाच बाणाला मूठ ओलांडून वाकून जावं लागतं. नीट वाकला तर सरळ जातो. कडक असला तर वाकत नाही आणि मुठीनं ढकलला तिकडेच, म्हणजे डावीकडे, जातो. याला आर्चर्स पॅराडॉक्स म्हणतात. १९३० च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं बाणाचं हे वाकणं टिपलं, तेव्हा बाण खरंच वाकतो का हा वाद मिटला.

थोडक्यात, रिकर्व्हवर जुळलेला बाण लाँगबोला कडक पडतो. लाकडी बाणाचा स्पाइन (कडकपणा) घरी मोजता येतो. दोन आधार २६ इंचांवर, मधोमध ९०७ ग्रॅम (२ पाउंड) वजन टांगायचं, किती इंच झुकला ते बघायचं आणि २६ ला त्या आकड्यानं भागायचं. ०.५२ इंच झुकला तर ५०, ०.६५ झुकला तर ४०. खाच नसलेल्या लाँगबोला धनुष्याच्या खऱ्या वजनाइतका किंवा ५ पाउंड कमी स्पाइन घेऊन सुरुवात करा. मध्यापर्यंत कापलेल्या रिकर्व्हला ५ ते १० जास्त चालतो. पुढचं बेअर शाफ्ट (बिनपिसांचा बाण) सांगेल.

कार्बनचे बाण मारणाऱ्यांसाठी: तिथले आकडे उलटे चालतात. ५०० म्हणजे २८ इंचांच्या अंतरावर १.९४ पाउंडानं अर्धा इंच झुकणारा. आकडा मोठा तितका बाण मऊ.

कमठा

म्हणजे दोन धनुष्यांना दोन वेगळे संच घ्यायचे? लाँगबो आणि रिकर्व्हला एकच बाण जुळवायची काही युक्ती?

तिरपा_बाण

आहे. बाण लाँगबोला जुळवायचा आणि रिकर्व्ह बाणाला जुळवायचं. उलट करायला गेलात तर लाँगबोची मूठ तासावी लागेल.

रिकर्व्हच्या खिडकीत जिथं बाण टेकतो तिथल्या चामड्याच्या पट्टीखाली काडेपेटीची काडी किंवा चामड्याचे तुकडे घालून ती बाहेर आणायची. एका वेळी एक मिलिमीटर. बाण बाहेर गेला की तो जास्त कडक असल्यासारखा वागतो, म्हणजे लाँगबोसाठीचा मऊ बाण रिकर्व्हवर सरळ जायला लागतो. साधारण ३ ते ४ मिलिमीटरमध्ये काम होतं. त्याहून जास्त लागलं तर दोन्ही धनुष्यांच्या वजनातच तफावत आहे, काट्याकडे परत जा.

बेअर शाफ्टची रीत: तीन पिसांचे बाण आणि दोन बिनपिसांचे, बाकी सगळं सारखं. पिसांच्या जागी तितक्याच वजनाची चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर मागचं टोक हलकं होऊन खोटं उत्तर मिळतं. ८ मीटरवर सुरू करा, मग १५. उजव्या हाताच्या, तीन बोटांनी ओढणाऱ्यासाठी: बिनपिसांचा बाण पिसांच्या गटाच्या डावीकडे लागला तर कडक, उजवीकडे तर मऊ. मऊ करायला टोकाचं वजन २५-२५ ग्रेननं वाढवा. कडक करायला बाण पाव-पाव इंच कापा.

उभ्या दिशेचं आधी सोडवा, आडव्याचं नंतर. बिनपिसांचा बाण खाली लागला तर नॉक पॉइंट (दोरीवर बाण लावायची जागा) वर आहे. पण इथं एक फसवाफसवी होते. नॉक पॉइंट फारच खाली असेल तर बाणाची शेपटी खाचेवर आपटून उसळते आणि बाण नेमका उलटा, म्हणजे नॉक वर असल्यासारखा दिसतो. मग माणूस अजून खाली आणतो आणि फसत जातो. म्हणून सुरुवात काटकोनाच्या रेषेपासून १५ मिलिमीटर वर करायची आणि खाली उतरत यायचं, एका वेळी २ मिलिमीटर. आडव्यातही हीच गंमत: अती मऊ बाण मुठीवर आपटून डावीकडे उडतो आणि कडक असल्याचं सोंग आणतो. शंका आली तर मुठीच्या कडेला पावडर किंवा लिपस्टिक लावा, बाणावर डाग उमटला की कळतं.

कडी_३१

अंगठ्याच्या धनुष्याबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि जीवावर बेतायचं ते तिथंच.

सगळ्यात आधी: लाँगबोचे २८-२९ इंची बाण ३१ इंच ओढीच्या धनुष्यावर लावायचे नाहीत. टोक मुठीच्या मागे येतं आणि सोडल्यावर बाण डाव्या हातातून जातो. घोडेस्वारी धनुष्याचे बाण वेगळ्या रंगाच्या पिसांचे ठेवा आणि भाताही वेगळा. लांबी तुमच्या ओढीपेक्षा निदान दीड-दोन इंच जास्त. याचं उलट टोक म्हणजे लाँगबो कानामागे ओढणं. २८ इंच ओढीसाठी बांधलेला ६८ इंची लाँगबो ३१-३२ पर्यंत ओढलात तर तो कधीतरी मोडणार.

आता फरक. तीन बोटांच्या ओढीत बाण धनुष्याच्या डाव्या बाजूला, अंगठ्याच्या ओढीत उजव्या बाजूला. उगाच नाही. अंगठा दोरीभोवती, तर्जनी अंगठ्याच्या नखावर, आणि तळवा जमिनीकडे वळवला की तर्जनीचं मूळ नॉकला हलकंच दाबून बाण मुठीला चिकटवून ठेवतं. हा पीळ नसेल तर बाण गळून पडतो. जास्त असेल तर बाण ताणतानाच धनुष्यासारखा वाकलेला दिसतो आणि भलतीकडे जातो. आरशासमोर किंवा फोनच्या कॅमेऱ्यानं वरून बघा, बाणात बाक दिसता कामा नये.

बाजू बदलली म्हणजे बेअर शाफ्टचं वाचनही उलटं: उजवीकडे गेला तर कडक, डावीकडे गेला तर मऊ. ही गोष्ट विसरून लोक चांगले बाण कापून टाकतात.

तिसरी गोष्ट डाव्या हाताची. तुर्की आणि मामलुक पद्धतीत बाण सुटताना मूठ बाहेर वळते आणि वरचं टोक पुढं झुकतं, त्याला खत्रा म्हणतात. त्यानं धनुष्य बाणाच्या वाटेतून दूर होतं. हीच सवय लाँगबोवर नेलीत तर बाण दुसऱ्या बाजूला असल्यानं मूठ वळून नेमकी बाणावरच आपटते. धनुष्य बदलल्यावर लाँगबोवर पहिले बाण खडखडत डावीकडे जातात त्याचं हे दुसरं कारण असू शकतं. खत्रा सुटण्याआधी सुरू होता कामा नये, हे घोडेस्वारीवरही खरं.

कडीचं माप: सकाळी नीट बसणारी कडी दुपारच्या उन्हात अंगठा सुजल्यावर आवळते, थंडीत निसटते. आत चामड्याची पातळ पट्टी घालायला जागा राहील असं माप घ्या. पिसांची पुढची टोकं दोऱ्यानं बांधून वर गोंदाचा थेंब द्या, नाहीतर डाव्या अंगठ्याचं सालपट निघतं.

पारावरचा

अँकर मात्र एकच ठेवावा असं माझं मत. शरीराला एक जागा पाठ झाली की धनुष्य कुठलंही असो.

कडी_३१

तीन बोटं आणि अंगठा यांना एकच अँकर देताच येत नाही. तीन बोटांत तर्जनी किंवा मधलं बोट ओठांच्या कोपऱ्याला लागतं. अंगठ्यात मनगट वळलेलं असतं, तळवा जमिनीकडे. ती मूठ ओठाच्या कोपऱ्यावर थांबवलीत तर कोपर बाहेर लटकतं आणि पाठ कामालाच येत नाही. तिला जबड्याच्या कोनाशी किंवा कानाच्या पाळीखाली जायचंच असतं.

सुतारपक्षी

दोघंही अर्धे बरोबर. लाँगबो आणि रिकर्व्हला अँकर एकच ठेवा, टॅबही (बोटं वाचवणारा चामड्याचा तुकडा) एकच, बोटांची मांडणीही. आकडा देतो म्हणजे कळेल. डोळ्यापासून बाणाच्या टोकापर्यंत साधारण ७५ सेंटीमीटर अंतर असतं. टोक त्याच जागी रोखून अँकर १ सेंटीमीटर खाली गेला तर १८ मीटरवर बाण २४ सेंटीमीटर वर लागतो. लाँगबोला नॉक दोन बोटांच्या मध्ये आणि रिकर्व्हला तिन्ही बोटं नॉकखाली असं केलंत की बाण बोटाएवढा, म्हणजे दीड-दोन सेंटीमीटर वर येतो. तेवढ्यानं ४० सेंटीमीटर खाली. आणि तिन्ही बोटं खाली घेतली की नॉक पॉइंट पुन्हा जुळवावा लागतो, कारण खालच्या दांडीवर जोर वाढतो.

अंगठ्याला वेगळा अँकर द्या, पण अर्धवट वेगळा नको. हनुवटीपासून एक इंच मागे असा मोघम अँकर सगळ्यात वाईट, कारण तो तीन बोटांच्या अँकरमध्ये मिसळतो. नख कानाच्या पाळीला लागलंच पाहिजे, अशी खूण ठेवा. आडवा हिशोबही बदलतो. नॉक डोळ्याच्या उजवीकडे ३ सेंटीमीटर गेला आणि टोक लक्ष्यावर ठेवलं तर १८ मीटरवर बाण ७० सेंटीमीटर डावीकडे. म्हणून अंगठ्याच्या ओढीत टोक लक्ष्यावर ठेवून मारायचं नसतं. टोक किती उजवीकडे ठेवायचं ते प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ठरतं आणि ते एकदाच शोधून वहीत लिहावं.

पारावरचा

हे पटलं. अवांतर: आदिपर्वात एकलव्याचा अंगठा गेल्यावर तो बोटांनी दोरी ओढायला लागला आणि पूर्वीइतका चपळ राहिला नाही, असं स्पष्ट म्हटलंय. पद्धत बदलल्याचा परिणाम त्याहून जुना कुठे नोंदवलेला असेल असं वाटत नाही. :)

नाकासमोर

यंत्रसामग्री झाली. आता हाताचं.

एकाच दिवशी तिन्ही मारायची असतील तर हलक्यापासून जडाकडे जा. जड धनुष्यानं पाठ आणि बोटं दमली की हलक्या धनुष्यावर सोडताना हात बाहेर झटकतो. हलकं धनुष्य सोडण्यातली घाण झाकत नाही, जड धनुष्य थोडी झाकतं.

बदल केल्यावर पहिले सहा बाण ३-४ मीटरवरून, कोऱ्या बट्रेसवर (बाण अडवणाऱ्या जाड फळीवर), कागद न लावता. नेम धरायचाच नाही. पहिल्या दोन बाणांत फक्त मूठ बघायची: लाँगबोची मूठ तळव्याच्या टाचेत बसते, रिकर्व्हची अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, घोडेस्वारीची खालच्या दोन बोटांनी धरली जाते. पुढच्या दोनांत अँकरची खूण. शेवटच्या दोनांत सुटल्यावर हात कुठे थांबतो ते. मग १० मीटरवर तीन बाण, मग १८. थेट १८ वर उभं राहिलात तर डोळा चुका दुरुस्त करायला लागतो आणि मूठ आधीच्याच धनुष्याची राहते.

आता वादाचा मुद्दा. ‘सहा महिने एकच धनुष्य धरा’ हा सल्ला नवशिक्याला योग्य आहे. पण ज्याला तिन्ही मारायचीच आहेत त्यानं महिना-महिना वेगळं ठेवण्यात तोटा आहे. शिया आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींचा प्रयोग केला. एकेक हालचाल सलग घोटणारे सरावात छान दिसले, पण नंतर लक्षात जास्त राहिलं ते मिसळून सराव करणाऱ्यांच्या. प्रयोग तिरंदाजीचा नव्हता, त्यामुळे ओढूनताणून लावू नये. तरी दिशा तीच दिसते: आठवड्यातून एक दिवस प्रत्येक फेरीला धनुष्य बदला, तीन-तीन बाण. गुण मोजू नका. त्या दिवशीचे गट वाईटच दिसणार.

बांबूबाण

बांबूच्या धनुष्यानं इंडियन राउंड (बांबू धनुष्याची देशी स्पर्धा) मारणाऱ्यांनी वरच्या वजनाच्या हिशोबात पावसाळा धरावा. कोकणात जुलैमध्ये बांबू दमट होऊन मऊ पडतो, मे महिन्यातला आकडा तेव्हा खरा नसतो. मग ३० मीटरवर चालून जाणारी नेमाची खूण ५० वर बाण खालीच पाडते. काटा सीझनला नाही, महिन्याला एकदा लावा. शिवाय दोरी चढवल्या चढवल्या मोजू नका. चढवून वीस मिनिटं ठेवा, पाच-सहा वेळा अर्धवट ओढा, मग मोजा. थंड बांबूचे पहिले बाण वर जातात आणि माणूस नेम खाली आणतो, मग धनुष्य गरम झालं की सगळे खाली. ओली पिसंही फसवतात: चपटी झाली की बाण थरथरत जातो, आणि दोष स्पाइनला दिला जातो.

कमठा

काट्यानं मोजलं: २७ इंचांवर लाँगबो ३७, रिकर्व्ह ३८, आणि ३१ वर घोडेस्वारी ४८. म्हणजे तिसऱ्याला जड, लांब, वेगळे बाण हे नक्की. पण मैदानावर बाण बाजूला गेला की चूक हाताची की जुळणीची, हे लगेच ओळखायचं कसं?

तिरपा_बाण

भात्यात प्रत्येक संचाचा एक बिनपिसांचा बाण कायम ठेवा. धनुष्य बदलल्यावर दहा मीटरवर दोन पिसांचे आणि तो एक मारा. तिन्ही एकत्र पण लक्ष्यापासून दूर लागले तर चूक अँकरची किंवा नेमाची, धनुष्याला हात लावू नका. बिनपिसांचा एकटाच वेगळा पडला तर आधी ब्रेस हाइट मोजा. दोरी सैल होऊन चार-पाच मिलिमीटर उतरली असेल तर पीळ देऊन जागेवर आणा. ते ठीक असेल तर संच चुकीचा उचलला का ते बघा. आणि पिसांचेच दोन बाण एकमेकांपासून लांब पडले तर सोडण्यात गडबड आहे, परत चार मीटरवर.

घोडेस्वारी ३६-३८ च्या खऱ्या वजनाचं मिळालं तर बदलणं निम्म्यानं सोपं होईल. विकत घेताना बनवणाऱ्याला ३१ इंचांवरचं वजन विचारा, २८ वरचं नको.

बांबूबाण

आणि दोरी बदलताना जुनी दोरी फेकू नका. जुन्या लाकडी किंवा टोकं न मजबूत केलेल्या धनुष्याला डेक्रॉनच (ताणला जाणारा पॉलिएस्टर धागा) घाला. कमी ताणल्या जाणाऱ्या नव्या धाग्यानं टोकं फाटतात. दोरीचा धागा किंवा पदर बदलले की नॉकचा घट्टपणा, ब्रेस हाइट आणि स्पाइन, तिन्ही पुन्हा तपासावं लागतं. बाण दोरीला खाली लोंबता ठेवला तर दोरीवरच्या हलक्या टिचकीनं सुटेल इतकाच नॉक घट्ट हवा.